पुढच्या चाकाचा ‘घूंऽऽ’ : बेअरिंग बदललं तरी आवाज परत येतोय?

आमच्या कॅम्परच्या (राहायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या) डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग मी चार वेळा बदललंय. पहिला नवा संच ६,००० किलोमीटर गेला, दुसरा ४,५००, तिसऱ्याने ९०० सुद्धा पाहिले नाहीत. चौथा आता ३८,००० वर आहे आणि हूं की चूं करत नाही. चौथा संच काही वेगळ्या लोखंडाचा नव्हता, कंपनी तीच, नंबर तोच. फरक एवढाच की तिसऱ्या वेळी मेलेलं बेअरिंग भंगारात टाकायच्या आधी मी ते डिझेलने धुऊन उजेडात धरून बघितलं. तेव्हापासून ओळखीच्या कॅम्परवाल्यांच्या पाच-सहा गाड्या याच आवाजासाठी उघडल्या. बहुतेकांच्या बाबतीत बेअरिंगचा दोष नव्हता, त्याला कोणीतरी मारलं होतं.

आधी गाडी सांगतो, म्हणजे पुढचं कुणाला लागू आणि कुणाला नाही ते कळेल. मिनीबसच्या चॅसिसवर बांधून घेतलेला कॅम्पर. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना. पुढच्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग: आतलं मोठं, बाहेरचं छोटं. मध्ये ग्रीस, आतल्या अंगाला ऑइल सील, बाहेर पत्र्याची टोपी, आणि टोपीखाली कॅसल नट (खाचांचा नट) व तो फिरू न देणारी स्प्लिट पिन. म्हणजे हे बेअरिंग उघडता, धुता, ग्रीस भरता आणि ‘सेट’ करता येतं. नव्या व्हॅनमध्ये सीलबंद हब येतो, त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

लक्षणं

ताशी ४० च्या पुढे एक ‘घूंऽऽ’ सुरू होतो. वेग वाढला की चढतो, कमी झाला की उतरतो. गिअर बदलून त्याला काही फरक पडत नाही. लांबच्या वळणावर एका बाजूला वाढतो, दुसऱ्या बाजूला जवळजवळ जातो. पुढे पुढे ‘घूं’चा ‘घर्र’ होतो आणि पायाखालच्या पत्र्यात थरथर जाणवायला लागते.

आवाजाआधी येणारं एक लक्षण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. खराब रस्त्यावरून गेल्यावर पहिला ब्रेक खोल जातो, दुसऱ्यांदा दाबला की बरोबर लागतो. आपण समजतो ब्रेक ऑइल कमी झालं. खरं म्हणजे बेअरिंग ढिलं असलं की डिस्क डुलते आणि पॅडना मागे ढकलते. मग पहिली दाब ती फट भरण्यातच जाते. हे दिसलं आणि मास्टर सिलिंडरमधलं ऑइल जागेवर असेल, तर आवाज नसला तरी पुढची चाकं तपासा.

याशिवाय रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं काळं ग्रीस, एकाच बाजूचा हब तापणं, टायर एका कडेने खाणं आणि काही गाड्यांत एबीएसचा दिवा लागणं, ही लक्षणं दिसतात.

नीट बसवलेला संच लाखभर किलोमीटर सहज जातो. पाच-सात हजारांत तोच आवाज त्याच चाकातून परत आला, तर नवं बेअरिंग आणायला पळू नका. आधी खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपया लागत नाही.

१. आवाज खरंच चाकाचा आहे का?

हसू नका. एका मित्राच्या कॅम्परमध्ये आम्ही दोन तास ‘बेअरिंग’ शोधलं आणि शेवटी ते गॅसच्या शेगडीची जाळी आणि स्टीलचं पातेलं निघालं, ६० च्या वेगाला बरोबर थरथरायचं. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं स्वयंपाकघर. भांडी, शेगडी, बाथरूमचं दार, छतावरची सोलर पॅनलची पट्टी, सगळं वेगाबरोबर गातं. भांडी बाहेर काढा, दारांना टॉवेल कोंबा आणि मग चक्कर मारा.

त्याच वेळी चाकापाशी वाकून बघा. ब्रेक डिस्कच्या मागे पत्र्याचं कव्हर असतं, त्यात खडा अडकला की भयंकर घासल्याचा आवाज येतो आणि बोटभर लाकडी काठीने तो निघतो. चाकाचे नट पान्याने एकदा बघून घ्या. ढिल्या नटाचाही आवाज येतो, आणि तो बेअरिंगपेक्षा जास्त धोक्याचा.

२. टायर की बेअरिंग?

माझ्या अनुभवात निम्मी ‘बेअरिंगं’ इथेच सुटतात. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा, तिथे चांगला टायरसुद्धा गुणगुणतो. तिथून जुन्या डांबरी रस्त्याला आलात आणि त्याच वेगाला आवाज निम्मा झाला, तर टायरकडे बघा. दोन्हीकडे सारखाच राहिला तर पुढे वाचा.

टायरवर तळहात फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टायरला दात पडलेत. ते अलाइनमेंट, शॉकअब्सॉर्बर किंवा हवेच्या दाबामुळे होतं. अजून खात्री हवी असेल तर पुढचे आणि मागचे टायर अदलाबदल करा. आवाज टायरबरोबर मागे गेला तर बेअरिंगचे पैसे वाचले. मात्र एक लक्षात ठेवा, ढिल्या बेअरिंगनेही टायर वेडावाकडा खातो. त्यामुळे टायर दोषी ठरला तरी पाचवी तपासणी करायचीच.

३. सरळ रस्त्यावर दोन चाचण्या

मोकळा, सपाट रस्ता हवा. घाटात नाही, उतारावर नाही. ६० ला असताना गाडी न्यूट्रल करा. इंजिन चालूच ठेवायचं. बंद केलं की ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग जड होतं. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच संशयातून सुटले. मागून ओढणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग अशा वेळीही फिरत असतं, तेव्हा आवाज सीटच्या मागून, मधून येतोय का याकडे कान ठेवा.

दुसरी चाचणी: मागेपुढे कुणी नसताना ४०-५० ला हळुवार डावीकडे आणि मग उजवीकडे लहर घ्या. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकावर जातं. त्या वेळी आवाज वाढला तर संशय डाव्यावर. ही चाचणी शंभर टक्के खरी नाही. कॅम्पर उंच असतो, आतलं सामान हलतं, केबिनमध्ये आवाज घुमतो. मी स्वतः एकदा या चाचणीवर विसंबून चुकीची बाजू उघडली होती. म्हणून ती दिशा दाखवायला वापरा, निकाल द्यायला नाही.

४. हबला हात लावा, आणि वजनकाट्यावर जा

वीस-पंचवीस किलोमीटर साध्या रस्त्याने चालवा, शेवटचे चार-पाच किलोमीटर ब्रेक शक्य तितका कमी. थांबल्यावर लगेच हाताची पाठ चारही हबच्या जवळ न्या. आधी जवळ, मग हलका स्पर्श, कारण हब खूप तापलेला असू शकतो. हजार-बाराशेत मिळणारं इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. आकडा किती याला फार महत्त्व नाही, डाव्या-उजव्यातला फरक बघायचा. मी १५ अंशांच्या वर फरक दिसला की थांबतो.

गरम हब म्हणजे बेअरिंग खराब असा अर्थ लगेच काढू नका. आमच्या गाडीत बेअरिंगने उष्णता तयार केली नव्हती, ती त्याला बाहेरून मिळत होती. डाव्या कॅलिपरची (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) सरकणारी पिन गंजून जाम झाली होती. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चाटत राहायचं. डिस्क तापली की हब तापतो, ग्रीस पातळ होऊन सीलमधून झिरपतं आणि बेअरिंग कोरडं फिरतं. आम्ही दर वेळी कोरडं पडलेलं बेअरिंग बदलत होतो आणि चुलीवर नवं ठेवत होतो.

पिन काढून, साफ करून, ब्रेकच्या खास ग्रीसने परत बसवायला तासभर लागतो. तिथे चाकाचं साधं ग्रीस लावू नका, त्याने पिनवरचा रबरी बूट फुगतो आणि पिन पुन्हा जाम होते. पिन मोकळी असूनही चाक अडत असेल, तर ब्लीडर (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) जरासा सैल करून बघता येतं. ऑइलचा थेंब आल्याबरोबर चाक सुटलं, तर दाब पाइपात अडकतोय. ब्रेकचा रबरी होज आतून सुजून बंद होतो, बाहेरून नवाकोरा दिसतो. इथून पुढे ब्रेकच्या माणसाचं काम, तुमचं-माझं नाही.

आता वजन. जवळचा वजनकाटा गाठा, शे-दीडशे रुपयांत पावती मिळते. पाण्याची टाकी भरलेली, गॅस सिलिंडर, बॅटऱ्या, नेहमीची माणसं, सगळ्यांसकट. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. पुढच्या ॲक्सलचा आकडा गाडीच्या प्लेटवरच्या आणि कागदपत्रांतल्या मर्यादेशी ताडून बघा. काट्यावरचा माणूस चांगल्या मूडमध्ये असेल तर एकाच बाजूची चाकं काट्यावर घेऊन तिसरं माप काढा. दोन्हीकडची जमीन समपातळीत असेल तरच ते माप धरायचं.

आमच्या गाडीत डाव्या बाजूला १४० किलो जास्त निघाले. शोधायला कुठे जावं लागलं नाही. १२० लिटरची टाकी पूर्ण भरली की पाणीच १२० किलोचं, आणि तिच्याच पुढे दोन मोठ्या लेड-ॲसिड बॅटऱ्या. बांधणाऱ्याने पाइप आणि वायर आखूड पडाव्यात म्हणून सगळं एका कोपऱ्यात घातलेलं. त्याचं काम सोपं झालं.

हे एवढं महत्त्वाचं का, तर रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या सरळ प्रमाणात घटत नाही. भार १० टक्क्यांनी वाढला की हिशोबाचं आयुष्य सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी कमी होतं. २० टक्क्यांनी वाढला तर जवळपास निम्म्यावर येतं. चाकं बाहेर दिसावीत म्हणून लावलेले स्पेसर किंवा जास्त बाहेर येणारे अलॉय रिम हाच उद्योग करतात. वजन वाढत नाही, पण चाकाचा जोर बेअरिंगच्या मधून न जाता बाहेरून पडतो. स्पेसर असतील तर पहिल्यांदा ते काढा.

५. जॅक लावून

सपाट, कडक जमीन. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. जॅकने उचलल्यावर ॲक्सलखाली घोडी (गाडी पेलणारं लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय काहीही करायचं नाही. साडेतीन-चार टनांची गाडी नुसत्या जॅकवर ठेवून चाक हलवणं म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर पाडून घेणं. विटा, लाकडी ओंडके, जुना रिम यांना घोडी म्हणत नाहीत.

चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून आत-बाहेर हलवा. टेपर बेअरिंगला जेमतेम जाणवेल एवढा प्ले (ढिलेपणा) चालतो. ‘टक टक’ असं स्पष्ट वाजलं तर तो जास्त. आता घरच्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. प्ले गेला तर तो बेअरिंगचा होता. तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा, म्हणजे चाक ज्या सांध्यावर वळतं त्याचा. या एका युक्तीने मी दोन गाड्यांची चांगली बेअरिंगं वाचवली आहेत. ३ आणि ९ वर धरल्यावरच हलत असेल तर टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) बघा.

मग चाक हाताने गरगर फिरवा आणि दुसरा हात स्टब ॲक्सलच्या (हब ज्यावर फिरतो त्या स्थिर दांड्याच्या) मागच्या भागावर किंवा स्प्रिंगवर ठेवा. चांगलं बेअरिंग हाताला काही सांगत नाही. खराब असेल तर वाळूत चाक फिरवल्यासारखी खरखर येते. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या मागच्या हाडाला आणि टोक स्टबला लावलं तर आवाज आणखी स्पष्ट होतो. टोक फिरणाऱ्या भागाला लागणार नाही याची काळजी घ्या.

६. हब उघडल्यावर: मेलेल्या बेअरिंगचा पंचनामा

इथून पुढे ज्याने आधी कुणाबरोबर तरी हे काम केलंय त्यानेच जावं. कॅलिपर काढून तारेने टांगून ठेवा, होजवर लोंबकळू देऊ नका. टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग, मग हब. डावं-उजवं आणि आतलं-बाहेरचं वेगळ्या डब्यांत ठेवा, डब्यांवर लिहून.

सगळं डिझेलमध्ये धुऊन कोरडं करा. कंप्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगरवून शिट्टी वाजवायची गॅरेजमधल्या पोरांना भारी हौस. ते करू देऊ नका. कोरडं बेअरिंग हवेवर भलत्या वेगाने फिरतं, रोलर सुटून डोळ्यात जाऊ शकतो, आणि चांगलं असेल तर ते तिथेच खराब होतं.

आता उजेडात बघा.

*निळसर, तपकिरी, तांबूस रंग:* उष्णता. कारणं तीन: नट जास्त आवळला, ग्रीस संपलं, नाहीतर ब्रेक चाटत होता. आमच्या पहिल्या दोन संचांवर हाच रंग होता, पण ते मी बघितलेच नव्हते. मिस्त्रींनी टेबलाखाली टाकलेले, नंतर विचारल्यावर डब्यातून शोधून दिले.

*रोलरच्या अंतरावर गंजाच्या किंवा काळपट आडव्या रेघा:* पाणी शिरलं आणि गाडी उभी राहिली. कॅम्परचा हा खास रोग, कारण आपल्या गाड्या वर्षातले कित्येक महिने उभ्याच असतात. कोकणात उतरणाऱ्यांसाठी यात एक मेख आहे. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ब्रेकने हब चांगलाच तापतो. खाली रस्त्यावर चढलेल्या पाण्यात चाक बुडालं की तो एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि हब सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेतो. सील फाटलेलं असायची गरज नाही, जुनं झालेलं असलं तरी पुरतं. म्हणून पावसाळ्यात घाट उतरल्यावर आम्ही अर्धा तास चहाला थांबतो. धुताना प्रेशर वॉशरचा फवारा थेट हबच्या टोपीवर आणि आतल्या सीलवर मारला तरी तेच होतं. आणि गाडी उभी असेल तर महिन्यातून एकदा थोडी मागे-पुढे करून ठेवा, म्हणजे तेच रोलर त्याच जागी महिनोन्महिने बसून राहणार नाहीत.

*रोलरच्या अंतरावर खळगे, पण गंज नाही:* मार बसलाय. खड्डा, डिव्हायडरची कड किंवा बसवताना हातोडा. नव्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी आवाज असेल तर बहुधा हातोडा.

*धावपट्टीवरचे (रोलर ज्यावरून फिरतात त्या पट्ट्यावरचे) पापुद्रे उडालेत:* थकवा, म्हणजे भार. या रचनेत कप (बेअरिंगची बाहेरची रिंग) हबबरोबर फिरतो आणि कोन (रोलर असलेली आतली रिंग) स्टबवर बसून राहतो, त्यामुळे भार कायम कोनच्या खालच्या अंगावर येतो. पापुद्रे तिथेच उडाले असतील तर वजनकाट्याची पावती परत वाचा. कपच्या एकाच कडेला पट्टा उठला असेल तर कप तिरका बसलाय किंवा स्टब वाकलाय.

*कपची पाठ आरशासारखी चकचकीत:* कप हबमध्ये फिरतोय, हबचं भोक मोठं झालंय. इथे आपल्याकडे एक इलाज सर्रास चालतो: हबच्या भोकात सेंटर पंचने चार-सहा ठोके मारून उंचवटे काढायचे आणि कप ‘घट्ट’ बसवायचा. घट्ट बसतो खरा, पण चार टोकांवर टेकून. आकार बिघडतो, आणि दोन-तीन हजारांत परत तुम्ही त्याच गॅरेजच्या दारात. हब बदलायचा. दुसरा उपाय नाही.

*भिंगाने बघितल्यावर रोलर टेकतात त्या रेघेवर बारीक जळके ठिपके:* वेल्डिंग. हे मला उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या लेथवाल्याने दाखवलं, नाहीतर मला जन्मात कळलं नसतं. कॅम्पर बांधताना आणि नंतरही काहीतरी जोडकाम चालूच असतं: छत्रीचा ब्रॅकेट, पायरी, टाकीचं स्टँड. वेल्डरला अर्थिंगचा चिमटा लावायला रंग नसलेली जागा हवी असते आणि चाकाचा नट त्याला समोरच दिसतो. चिमटा चाकाला आणि वेल्डिंग चॅसिसवर, म्हणजे सगळा करंट बेअरिंगमधून जाणार. रोलर आणि धावपट्टीमध्ये बारीक ठिणग्या पडतात, लोखंड जळतं, आणि महिनाभराने ‘घूंऽऽ’ सुरू होतो. आमचा दुसरा संच बसवला त्याच्या पुढच्याच आठवड्यात पायरी जोडून घेतली होती. आता मी वेल्डरजवळ उभा राहून चिमटा वेल्डिंगच्या वीतभर अंतरात लावून घेतो आणि बॅटरीच्या वायरी काढून ठेवतो.

७. बसवताना होणाऱ्या चुका

तिसरा संच ९०० किलोमीटरसुद्धा का गेला नाही, ते इथे आहे. दोनदा बेअरिंग गेल्यामुळे त्या मेकॅनिकने ‘या वेळी नीट आवळतो’ म्हणून नट टामीला पाइप लावून आवळला. मलाही तेव्हा ते पटलं होतं. टेपर बेअरिंगला जागा लागते. गरम झाल्यावर ते फुगतं, आणि जागा नसेल तर रोलर सरकत घासतात.

आधी चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. चाक जड झालं की नट मागे सैल सोडायचा, मग हलक्या हाताने परत लावायचा आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर सैल करण्याच्या दिशेने जुळवायचा. शेवटी किती प्ले ठेवायचा हा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. अशा हबला सहसा ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर असतो. छपाईच्या साध्या कागदाची जाडी ०.१ च्या आसपास असते, यावरून अंदाज करा. डायल गेज (असा बारीक प्ले मोजायचं उपकरण) असलेला माणूस मिळाला तर दोन-तीनशे रुपये जास्त द्या आणि त्याच्याकडून करून घ्या. स्प्लिट पिन दर वेळी नवी. दहा रुपयांची पिन तुटली तर चाक तुमच्या आधी पुढे जाईल.

कप आणि कोन एकाच संचातले घ्यायचे. जुन्या कपमध्ये नवा कोन घातला तर जुन्या कपची झीज नव्या रोलरवर उमटते. कप ठोकायचाच असेल तर पितळी दांड्याने, सगळ्या बाजूंनी थोडा थोडा, आवाज ‘ठप्प’वरून ‘टण्ण’ होईपर्यंत. आवाज बदलला की कप तळाला टेकला.

ग्रीस चाकाच्या बेअरिंगचंच हवं. नुसतं ‘चॅसिस ग्रीस’ ब्रेकच्या उष्णतेत टिकत नाही. जुनं पूर्ण धुऊन काढा, कारण वेगवेगळ्या जातींची ग्रीस एकत्र झाली की कधी कधी ताकासारखी पातळ होतात. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा, वरून रोलरच्या मधून बाहेर येईपर्यंत. हबच्या पोकळीत मात्र तिसरा हिस्सा ते निम्मंच भरा. गच्च भरलं तर ते घुसळून तापतं आणि सील बाहेर ढकलतं. सील नेहमी नवं.

बेअरिंग विकत घेताना जुन्यावरचा नंबर पूर्ण लिहून न्या, मागची अक्षरंसुद्धा. मेट्रिक टेपर बेअरिंगमध्ये शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये मिळतं, उदाहरणार्थ ३२००७ म्हणजे ३५. दुकानदाराने ‘हेच लागतं’ म्हणत दुसरं दिलं तर निदान एवढं तपासता येतं. डुप्लिकेट माल खूप आहे. खोका हुबेहूब असतो. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. काही बेअरिंग कंपन्यांची फोटो काढून खरं-खोटं तपासायची ॲपही आहेत, ती वापरा.

सीलबंद हब असेल तर

नवी व्हॅन असेल, किंवा परदेशात फियाट डुकाटोसारख्या पुढून ओढणाऱ्या गाडीवरचा मोटारहोम असेल, तर सहाव्या-सातव्या मुद्द्यातलं नट सेट करणं आणि ग्रीस भरणं विसरा. तिथे प्ले अजिबात चालत नाही आणि बेअरिंग उघडायचं नसतं, पूर्ण बदलायचं. ते परत परत जात असेल तर तीन गोष्टी विचारा. दाबून बसवताना जोर बरोबर रिंगवर दिला का? मधला मोठा नट टॉर्क पान्याने आवळला का, आणि तो आवळण्याआधी गाडीचं वजन चाकावर आलं नव्हतं ना? एबीएसची चुंबकीय कड असलेली बाजू सेन्सरकडे आहे का? ही कड डोळ्याला साध्या सीलसारखी दिसते, बाजू उलटी झाली की दिवा जळत राहतो. हे काम हायड्रॉलिक प्रेस असलेल्या ठिकाणीच द्या, घरी हातोड्याने नको.

इथे थांबा

रस्त्यात असाल आणि हबमधून धूर, जळक्या ग्रीसचा वास किंवा हात लागू नये इतकी उष्णता जाणवली, तर गाडी बाजूला घ्या आणि तिथून हलवू नका. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणून निघू नका. बेअरिंग जाम झालं की स्टबवर चिकटतं, आणि स्टब तुटला की चाक जातं. पाणी ओतून गार करू नका. पाठीवर घेणारी टोइंग गाडी बोलवा आणि मुक्काम तिथेच करा. कॅम्पर आहे, झोपायची सोय आहेच.

जॅकवर असताना चाक बोटभर डुलतंय, घर्र आवाजाबरोबर स्टिअरिंग ओढतंय किंवा पहिला ब्रेक दर वेळी खोल जातोय, अशा वेळीसुद्धा गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा.

हब उघडल्यावर स्टबवर नखाला लागेल अशी खाच दिसली, स्टब निळा पडला असेल किंवा कप हबमध्ये फिरत असेल, तर नवं बेअरिंग घालून बंद करू नका. आधी मापं घेणाऱ्या माणसाला दाखवा. स्टबवर वेल्डिंग भरून घासून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून निघा. हा भाग बदलतात, भरत नाहीत. आणि चौथ्या तपासणीपर्यंत कारण सापडलं नाही, संच मात्र दुसऱ्यांदा दहा हजारांच्या आत गेला, तर पुढचा संच घालण्याआधी अलाइनमेंटवाल्याकडून स्टब वाकलाय का ते मोजून घ्या.

काम झाल्यावर पहिल्या २० किलोमीटरला थांबून दोन्ही हब हाताने बघा, मग १०० ला. ५०० ला चाक उचलून प्ले परत तपासा, कारण नवे कप थोडे बसतात आणि नट एखाद्या भोकाने घ्यावा लागू शकतो. चाकाचे नटही तेव्हाच. मी टोपीच्या आतल्या बाजूला तारीख आणि किलोमीटर मार्करने लिहून ठेवतो, आणि जुना संच पिशवीत घालून गाडीतच, सीटखालच्या खणात. आमच्या हिच्या मते तो खण लोणच्याच्या बरण्यांसाठी होता.